नववीत मॅथ कुठलं घ्यायचं? साधी जॉमेट्री, ऑनर्स, की अल्जेब्रा परत? (फॉर्म द्यायचाय)

रानजाई

नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय, चुका पदरात घ्या. आम्ही अमेरिकेत असतो, लेक आठवीत आहे, ऑगस्टपासून हायस्कूल (नववी ते बारावी). काउन्सेलरकडून कोर्स निवडायचा फॉर्म आलाय, पुढच्या शुक्रवारपर्यंत द्यायचाय. इंग्लिश, बायॉलॉजी, स्पॅनिश, बँड सगळं पाच मिनिटात भरून झालं आणि मॅथच्या रकान्यापाशी चार दिवस घोडं अडलंय.

यावर्षी तिला अल्जेब्रा वन आहे. पहिल्या सेमिस्टरला बी, आत्ता बी मायनस चालू आहे. शाळेच्या टीचरनी साधी जॉमेट्री सुचवलीय. पण पालकांनी वेव्हर (शिफारस नसली तरी आमच्या जबाबदारीवर, असा कागद) सही केला तर जॉमेट्री ऑनर्स, म्हणजे त्याच विषयाचा अवघड वर्ग, मिळू शकतं. नवरा म्हणतो उन्हाळ्यात सहा आठवड्यात जॉमेट्री संपवून टाकू, म्हणजे नववीला डायरेक्ट अल्जेब्रा टू ऑनर्स आणि अकरावीला कॅल्क्युलस बीसी. त्याने चार वर्षांचं एक्सेल केलंय, रंगबिरंगी, त्यात बारावीच्या चौकटीत पण काहीतरी भरलंय जे मला वाचताही येत नाही. आणि चौथा पर्याय काउन्सेलर सहज बोलून गेली की हवं तर अल्जेब्रा वन परत पण घेता येईल, त्यावर घरात जो सन्नाटा पसरला तो अजून पूर्ण गेलेला नाही.

माझी अडचण अशी की मी महाराष्ट्र बोर्डाची, आपल्याकडे बीजगणित आणि भूमिती दोन्ही एकाच वर्षी, दोन पेपर, झालं. इथे हे एक वर्ष नुसता अल्जेब्रा मग एक वर्ष नुसती जॉमेट्री मग परत अल्जेब्रा हे काय प्रकरण आहे आणि ते चुकलं तर काय होतं हे खरंच कळत नाहीये. वॉट्सॅपवरच्या ग्रुपमध्ये झाडून सगळ्यांची मुलं ऑनर्सला आहेत किंवा तसं सांगतायत तरी.

लेकीला विचारलं तर म्हणाली, "काहीही द्या, फक्त रोज रात्री बाबाबरोबर गणिताला बसवू नका."

काय करू?

---

उंटावरचा शहाणा

ऑनर्स घ्या, विषय संपला. बी मायनस म्हणजे काही नापास नाही. कॉलेजवाले ट्रान्सक्रिप्टवर (हायस्कूलच्या गुणपत्रकावर) बघतात की शाळेत जे अवघड उपलब्ध होतं ते मुलाने घेतलं का, आणि बऱ्याच शाळांत ऑनर्सला जीपीएमध्ये (ग्रेडच्या सरासरीत) जास्त वजन मिळतं ते वेगळंच. टीचरच्या शिफारशीला फार मनावर घेऊ नका, त्यांच्याकडे दीडशे मुलं असतात. आमच्या चिरंजिवांना पण साधंच सुचवलं होतं, मी वेव्हर सही केला, पहिले दोन महिने आरडाओरडा झाला, नंतर लागला लायनीला. एकदा खालच्या ट्रॅकला गेलं की वर येणं मुश्कील, हे मात्र लक्षात ठेवा.

---

खडूफळा

रानजाई, मी गेली १४ वर्षं इथल्या पब्लिक हायस्कूलमध्ये गणित शिकवतेय, जॉमेट्री आणि अल्जेब्रा टू दोन्ही, त्यामुळे जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आधी तो क्रम. अल्जेब्रा वन, जॉमेट्री, अल्जेब्रा टू, प्रीकॅल्क्युलस, कॅल्क्युलस. हा इथला नेहमीचा रस्ता. तुमची मुलगी आठवीत अल्जेब्रा वन करतेय म्हणजे ती आत्ताच नेहमीच्यापेक्षा एक वर्ष पुढे आहे, हे वॉट्सॅप ग्रुपवर कोणी सांगत नाही. इथे नववीला अल्जेब्रा वन हाच सर्वसाधारण कोर्स धरला जातो. तिने काहीही उड्या न मारता नववीला जॉमेट्री, दहावीला अल्जेब्रा टू, अकरावीला प्रीकॅल्क केलं तर बारावीला एपी (म्हणजे कॉलेजच्या पातळीचं) कॅल्क्युलस आपोआप येतंच. साधी जॉमेट्री घेतली म्हणून कॅल्क्युलसचं दार बंद होत नाही.

आता खरी गोम. जॉमेट्रीच्या वर्षात अल्जेब्रा लागतो पण बेताचा. एकरूपता, समरूपता, सिद्धता, काटकोन त्रिकोणातली साइन कोसाइन, वर्तुळं, घनफळं. समीकरण येतं ते बहुतेक वेळा दोन ओळींचं, कोन काढायचा असतो तेवढ्यापुरतं. त्यामुळे ज्याचा अल्जेब्रा कच्चा आहे ते मूल पण जॉमेट्रीत बऱ्यापैकी मार्क काढू शकतं, आणि सगळे निर्धास्त होतात. मग अल्जेब्रा टू येतो. ऑक्टोबरपर्यंत अवयव, बहुपदी, वर्गसमीकरणं, नंतर अपूर्णांकात क्ष असलेल्या राशी, मग लॉगरिदम, आणि प्रत्येक ठिकाणी अल्जेब्रा वन येतोय हे गृहीत धरलेलं. माझ्या वर्गात जी मुलं तिथे गळपटतात त्यातल्या बहुतेकांना लॉगरिदम अवघड जात नाही हो, त्यांचं कंसाबाहेरचं वजाचं चिन्ह आत जाताना हरवलेलं असतं. नवीन गोष्ट कळते आणि उत्तर जुन्या गोष्टीने चुकतं. मुलाला मात्र वाटतं मला गणितच येत नाही.

म्हणून ऑनर्स की साधं हे ठरवायच्या आधी तिचा अल्जेब्रा कुठे आहे ते बघा. बी मायनस या अक्षरावरून काही कळणार नाही, कारण त्यात गृहपाठ वेळेवर दिल्याचे मार्क असतात, प्रोजेक्टचे असतात, टेस्ट परत दिल्याचे असतात. टीचरला मेल करा आणि फक्त युनिट टेस्टचे मार्क मागा, युनिटप्रमाणे.

आणि तुमच्या लेकीचं ते शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. रोज रात्री बाबा बसतो, म्हणजे तो बी मायनस नक्की कोणाचा आहे?

शनिवारी सकाळी, बाबा घरात नसताना, हे पाच प्रश्न एका कोऱ्या कागदावर द्या. कॅल्क्युलेटर नाही, फोन नाही, वेळेचं बंधन पण नाही. बाजूला बसा पण बोलू नका, भुवया पण उडवू नका.

१) ५ − ३(क्ष − ४) = २, क्ष काढ.
२) (क्ष + ३) चा वर्ग उलगडून लिही.
३) (२, १) आणि (६, ९) या दोन बिंदूंतून जाणाऱ्या रेषेचं समीकरण.
४) क्ष² − ५क्ष − १४ चे अवयव पाड.
५) शाळेच्या कार्यक्रमाची ४० तिकिटं विकली गेली. मुलांचं तिकीट ५ डॉलर, मोठ्यांचं ८ डॉलर. एकूण २४५ डॉलर जमले. प्रत्येकी किती तिकिटं?

पाचापैकी पाच किंवा चार आले आणि चुकलेलं एक नुसतं निष्काळजीपणाने चुकलं असेल तर बिनधास्त ऑनर्स मागा. दोन तीन आले तर कागद इथे टाका, आपण बघू. उत्तर बरोबर की चूक यापेक्षा कुठल्या ओळीत गाडी रुळावरून घसरली ते बघायचं.

---

तळ्यात मळ्यात

खडूफळा यांना अनुमोदन. मी फक्त त्या उन्हाळ्यातल्या जॉमेट्रीबद्दल लिहिते कारण आम्ही ते केलंय आणि अजून निस्तरतोय.

शाळेचं वर्ष साधारण १८० दिवसांचं असतं, समर स्कूल सहा आठवडे म्हणजे ३० दिवस. एका दिवसात शाळेच्या सहा दिवसांचं गणित. एक दिवस ताप आला तर सव्वा आठवडा बुडाला. मुलगा सकाळी साडेआठला बसायचा, दुपारी एक वाजेपर्यंत क्लास, मग गृहपाठ, संध्याकाळी परत उद्याची टेस्ट, ए मिळाला आम्ही पेढे वाटायचेच बाकी होतो, आणि सप्टेंबरमध्ये मी सहज विचारलं की अरे समरूप त्रिकोण म्हणजे काय तर म्हणाला ते तिसऱ्या आठवड्यात होतं. म्हणजे त्याच्या डोक्यात ते गणित नव्हतंच, कॅलेंडर होतं.

नववीला अल्जेब्रा टू ऑनर्सला सी आला. त्याहून वाईट म्हणजे प्रीकॅल्कमध्ये त्रिकोणमिती आली तेव्हा त्याला ३०-६०-९० चा त्रिकोण नव्याने शिकावा लागला. वर्गात गणितातली दोनतीन पोरं होती ज्यांनी हेच केलं होतं आणि मजेत होती, ती अशी की त्यांना जेवताना पण गणितच सुचतं. आमचं कार्टं तसं नाही, गोड आहे पण तसं नाही. तुमची कशी आहे ते तुम्हालाच माहीत.

---

आकडेमोड

एक्सेलवाल्या बाबांच्या बाजूने बोलायला कोणीतरी हवं म्हणून आलो, मी पण त्याच जातकुळीतला. पण आकडे बघितल्यावर मलाच माझं एक्सेल बदलावं लागलं होतं.

एक, एपी कॅल्क्युलस एबी आणि बीसी. एबी म्हणजे ढोबळमानाने कॉलेजचं पहिलं सेमिस्टर. बीसी म्हणजे एबीमधलं सगळं, वर इंटिग्रेशनच्या आणखी रीती, सिरीज, पॅरामेट्रिक आणि पोलर. बीसी घ्यायला आधी एबी घ्यायलाच पाहिजे असं काही नाही, बऱ्याच शाळांत प्रीकॅल्कनंतर थेट बीसीला जाता येतं. मग बारावीला बीसी घेऊन पण माणूस जगतो. अकरावीला बीसी झालं तर बारावीला काय घेणार? कम्युनिटी कॉलेजात जाऊन मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस, किंवा एपी स्टॅटिस्टिक्स. तुम्हाला एक्सेलमध्ये वाचता येत नाही ती चौकट बहुतेक हीच.

दोन, एसएटी, म्हणजे कॉलेज प्रवेशाची परीक्षा. आत्ताच्या डिजिटल परीक्षेत गणिताचे ४४ प्रश्न, ७० मिनिटं. त्यातले साधारण ३५ टक्के अल्जेब्राचे, आणखी ३५ टक्के त्याच्या पुढच्या अल्जेब्राचे, जॉमेट्री आणि ट्रिग मिळून १५ च्या आसपास. कॅल्क्युलस शून्य. म्हणजे पुढे धावायच्या नादात जो अल्जेब्रा अर्धवट सुटतो त्याच्यावरच परीक्षा. डेसमॉस कॅल्क्युलेटर परीक्षेतच दिलेला असतो हे खरं, पण समीकरण मांडता आलं तर त्याचा उपयोग.

तीन, नववीचे मार्क. कॅलिफोर्नियात असाल तर यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) जीपीए काढताना नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतचे मार्क धरते, नववीचे त्या गणतीत येत नाहीत. कोर्समध्ये सी किंवा त्याच्या वरची ग्रेड मात्र लागते आणि ट्रान्सक्रिप्टवर तो दिसतोच. इतर ठिकाणी बहुतेक नववी पण मोजतात. त्यामुळे "नववीला ऑनर्सचं वजन" हा मुद्दा प्रत्येकाला सारखा लागू नाही. आणि वजन जरी मिळालं तरी बऱ्याच शाळांत ऑनर्सला अर्धा पॉइंट जादा असतो, म्हणजे ऑनर्सचा सी (२.५) हा साध्या बी (३) च्या पण खालीच.

फॉर्म देण्याआधी काउन्सेलरला तीन गोष्टी विचाराच. साध्या जॉमेट्रीतून अल्जेब्रा टू ऑनर्सला जाता येतं का, आणि त्यासाठी किती मार्क लागतात. ऑनर्समधून साध्या वर्गात उतरायचं झालं तर ट्रान्सक्रिप्टवर खूण न राहता शेवटची तारीख कुठली. आणि उतरलं तर बाकीचे पिरियड हलतात का, हे लोक विसरतात, आमच्या पोरीचा मॅथ बदलल्यावर ऑर्केस्ट्रा गेला होता आणि घरात दोन महिने सुतक.

---

उंटावरचा शहाणा

सगळे फारच ताक फुंकून पितायत. मी थोडं उलटं बोलतो.

टीचर म्हणतात म्हणून खालचा वर्ग, हे पण आंधळेपणाने घ्यायची गोष्ट नाही. ज्यांचे मार्क चांगले आहेत अशी मुलंसुद्धा शिफारस नाही म्हणून मागे राहतात, शांत मुली, भाषा नीट न येणारी मुलं, ज्यांच्या आईबापांना वेव्हर नावाची चीज असते हेच माहीत नाही अशी मुलं. हे इतकं होतं की त्यावर कायदे झालेत. कॅलिफोर्नियात २०१५ मध्ये कायदा झाला की नववीला गणिताचा वर्ग ठरवायला शाळांच्या डिस्ट्रिक्टकडे वस्तुनिष्ठ निकष पाहिजेत आणि शाळा सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात एकदा फेरतपासणी झालीच पाहिजे. नॉर्थ कॅरोलायनात २०१८ चा कायदा आहे, वर्षाअखेरच्या परीक्षेत सगळ्यात वरच्या लेव्हलला असलेल्या मुलाला पुढच्या वर्षी वरचा वर्ग द्यायचा. टेक्सासने २०२३ मध्ये पाचवीच्या वरच्या ४० टक्के मुलांना सहावीत आपोआप ॲडव्हान्स्ड मॅथ द्यायचा कायदा केला, नको असेल तर पालकांनी नाही म्हणायचं. आणि दुसऱ्या टोकाला सॅन फ्रान्सिस्को, २०१४ मध्ये आठवीतला अल्जेब्राच काढून टाकला, दहा वर्षं पालक भांडले, २०२४ मध्ये परत आणायचं ठरलं.

तर मुलीला मागे ठेवू नका एवढंच. शिफारशीचा कागद म्हणजे काही ब्रह्मवाक्य नाही.

---

खडूफळा

शहाणे, यातलं मला सगळं मान्य आहे, आणि मी स्वतः मुलांना वर ढकलण्यासाठी डिपार्टमेंटमध्ये भांडलेय. म्हणूनच तर कागदावरचे पाच प्रश्न. शिफारशीवर विश्वास नको तसा वेव्हरवर पण नको. वेव्हर सही करून आलेली दहा मुलं माझ्याकडे असतात दरवर्षी, त्यातली तीनचार खरंच चुकीच्या वर्गात टाकली गेलेली असतात आणि नाताळपर्यंत वर्गात पहिली येतात. बाकीच्यांना नोव्हेंबरमध्ये उतरायचं असतं आणि तोवर तारीख गेलेली असते.

---

कॉलेजकुमारी

मोठ्यांच्या धाग्यात बोलतेय, माफी असावी. मी सध्या कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, सिव्हिल इंजिनियरिंग. मराठी टायपिंग आईकडून शिकलेय, चुका असतील.

मी अल्जेब्रा वन दोनदा केलंय. आठवीत केलं होतं, सी प्लस, आणि नववीत परत घेतलं. माझा निर्णय नव्हता, आईचा. मी आठवडाभर बोलले नाही तिच्याशी. मला वाटायचं वर्गात मी एकटीच "नापास" असणार. पहिल्या दिवशी गेले तर वर्ग गच्च भरलेला, नववीचीच पोरं, सगळी पहिल्यांदा शिकणारी, कोणाला काही पडलेली नव्हती. आणि मग कधी नव्हे ते गणित समजायला लागलं. म्हणजे आठवीत मला रीत माहिती होती पण का ते माहिती नव्हतं. "दुसऱ्या बाजूला नेलं की चिन्ह बदलतं" हे मी पाठ केलेलं, दोन्ही बाजूंतून तेवढंच वजा करतोय हे मला नववीत कळलं, खरंच सांगते.

मग दहावीला जॉमेट्री आणि अल्जेब्रा टू दोन्ही एकत्र घेतले (त्यासाठी एक इलेक्टिव्ह सोडावा लागला, सिरॅमिक्स, अजून दुःख आहे), अकरावीला प्रीकॅल्क, बारावीला एबी. म्हणजे कॅल्क्युलस हुकलं नाही. कॉलेजला आल्यावर कॅल्क टू मध्ये माझ्या शेजारी बसणारे अकरावीला बीसी केलेले लोक होते, आणि आम्ही एकाच वर्गात होतो.

रानजाई काकू, तुमची लेक बी मायनसला आहे, तिला परत करायची गरज असेलच असं नाही. पण तो पर्याय घरात सन्नाटा पसरवण्याएवढा भयंकर नाही एवढंच. आणि रात्री बाबाबरोबर बसण्याबद्दल... माझे बाबा पण बसायचे. ते पेन्सिल हातात घ्यायचे. पेन्सिल त्यांच्या हातात गेली की मी विचार करणं बंद करायचे, फक्त मान हलवायचे. हे त्यांना मी कधी सांगितलं नाही.

---

रानजाई

सगळ्यांचे आभार. कॉलेजकुमारी, तुझी पोस्ट मी नवऱ्याला वाचून दाखवली. तो उठून बाल्कनीत गेला, दहा मिनिटांनी आला आणि म्हणाला, "मी पण पेन्सिल घेतो का?" लेक आतून ओरडली, "हो!"

तर शनिवारचा वृत्तांत. नवऱ्याला कार धुवायला पाठवलं. कागद ठेवला. भुवया उडवल्या नाहीत, पण एकदा हात तोंडावर ठेवावा लागला.

पहिल्यात तिने लिहिलं ५ − ३क्ष − १२ = २. म्हणजे खडूफळा, तुमचं ते हरवलेलं वजाचं चिन्ह, पहिल्याच ओळीत. उत्तर −३ आलं. ताळा करून बघायचा असतो हे तिला सुचलंच नाही.

दुसऱ्यात क्ष² + ९. ठणठणीत आत्मविश्वासाने, एका सेकंदात.

तिसरं बरोबर आलं, य = २क्ष − ३, आलेख काढून, चौकटी मोजून. चौथ्यात १४ चे जोडे सगळे लिहिले, ७ आणि २ निवडले, पण चिन्हं उलटी लावली, (क्ष + ७)(क्ष − २).

आणि पाचवं. पाचव्यात तिने क्ष य काहीच घेतलं नाही. कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं, सगळी मुलंच असती तर २००. मग ४५ जास्त आहेत. प्रत्येक मोठा माणूस ३ जास्त देतो. १५ मोठे, २५ मुलं. चार ओळी. मला स्वतःला समीकरण मांडल्याशिवाय सुटलं नसतं. मी विचारलं हे बाबाने शिकवलं का तर म्हणाली बाबाला असं आवडत नाही, तो म्हणतो नीट मांड.

म्हणजे दोन बरोबर. टीचरचं पण उत्तर आलं, युनिट टेस्ट: रेषा आणि आलेख ८८, समीकरणं ७४, बहुपदी ६६, अवयव ६८. गृहपाठ १००. तो १०० कोणाचा ते आम्हाला सगळ्यांनाच आता माहितीये.

---

खडूफळा

वा, हा कागद वाचून मला फार बरं वाटलं, खरंच. मुलगी विचार करू शकते, पाचव्यात तर सरळ दिसतंय. कच्चं आहे ते हाताचं काम, चिन्हं आणि कंस. ते दुरुस्त होतं. उलटं असतं तर, म्हणजे चारही उदाहरणं झटपट बरोबर आणि पाचव्याला कोरा कागद, तर मला जास्त काळजी वाटली असती.

माझं मत: साधी जॉमेट्री. अल्जेब्रा परत घ्यायची गरज मला दिसत नाही, पूर्ण वर्ष देण्याएवढं भोक नाहीये, दोन युनिटांचं आहे. उन्हाळ्यात जॉमेट्री तर अजिबात नको. उन्हाळ्यात आठवड्याला तीन दिवस, अर्धा पाऊण तास, फक्त कंस सोडवणं, बहुपदींचे गुणाकार आणि अवयव. खान अकॅडमीवर अल्जेब्रा वन फुकट आहे, त्यातली तेवढीच दोन युनिटं. प्रत्येक उदाहरणाचा ताळा करायची सवय लावा, −३ मूळ समीकरणात घालून बघितलं असतं तर ५ − ३(−७) म्हणजे २६ आले असते आणि तिचं तिलाच कळलं असतं. हे पुढच्या वर्षभर चालू ठेवा, थोडं थोडं, नाहीतर जॉमेट्रीच्या वर्षात अल्जेब्रा गंजतो.

दुसऱ्या प्रश्नासाठी सूत्र पाठ करून घेऊ नका, ते तिला येत असेल पण. एक चौरस काढा, बाजू क्ष + ३. दोन रेषा मारून चार तुकडे करा. एक क्ष बाय क्ष चा मोठा चौरस, दोन लांबट पट्ट्या ३ बाय क्ष च्या, आणि कोपऱ्यात ३ बाय ३ चा छोटा. तिला विचारा तुझ्या उत्तरात पट्ट्या कुठे गेल्या. आलेख काढून रेषेचं समीकरण शोधणारी मुलगी आहे, चित्रातून तिला पटेल. अशा मुलांना जॉमेट्री आवडते पण बऱ्याचदा.

---

आकडेमोड

आणि काउन्सेलर काय म्हणाली?

---

रानजाई

हो ते राहिलंच. साध्या जॉमेट्रीतून अल्जेब्रा टू ऑनर्सला जाता येतं, दोन्ही सेमिस्टरला ए किंवा ए मायनस आणि टीचरची सही. वर्ग बदलायची शेवटची तारीख सहाव्या आठवड्याची अखेर. आणि मॅथ बदललं तर बँड हलू शकतो, हे मी विचारलं नसतं तर ती सांगणार नव्हती, तुमचे विशेष आभार.

चौरस काढला. पट्ट्या कुठे गेल्या विचारल्यावर तिने बराच वेळ बघितलं, मग स्वतःच्या क्ष² + ९ वर काट मारून मध्ये ६क्ष घुसवलं आणि "हे कोणी असं का नाही शिकवलं" म्हणून माझ्यावरच चिडली. बाबा लांबून बघत होता. पेन्सिल घेतली नाही. हात मागे बांधले होते पण.

फॉर्म दिला. साधी जॉमेट्री. एक्सेलमध्ये नवीन शीट आलंय, जुनं त्याने काढलेलं नाही, लपवलंय.

---

उंटावरचा शहाणा

ठीक आहे. पण सप्टेंबरमध्ये तिला कंटाळा आला तर लगेच वर ढकला, सहा आठवडे लक्षात ठेवा.

---

नवशिका बाबा

मस्त धागा. माझा मुलगा सातवीत आहे, आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये अल्जेब्रा जॉमेट्री असं वेगळं नाहीच, इंटिग्रेटेड मॅथ वन टू थ्री आहे. त्यात काय बघायचं?

---

खडूफळा

ते आपल्या बोर्डासारखंच, दोन्ही विषय तिन्ही वर्षांत वाटलेले. अल्जेब्रा गंजायला वेळ मिळत नाही हा फायदा. अडचण येते ती अधेमधे दुसऱ्या पद्धतीच्या डिस्ट्रिक्टमध्ये बदली झाली की, तेव्हा अर्धी जॉमेट्री दोनदा होते आणि अर्धी होतच नाही. घर बदलायचा विचार आहे का नजीकच्या काळात? असेल तर वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहिते, उद्या माझ्याकडे ६२ पेपर तपासायला आहेत.